तिळाएवढा ठिपका

गिटार घरात आली त्या दुपारी पडवीत भुईमुगाच्या शेंगा वाळत पडल्या होत्या. माझा मुलगा धैर्यशील त्या शेंगांवरून लांब ढांग टाकत आत आला. झोपलेलं मूल एसटीतून उतरवून आणावं तशी त्यानं ती लांबट काळी पेटी दोन्ही हातांवर घेतली होती.

"आवं, बूट तरी काढा," सूनबाई राजेश्वरी म्हणाली.

"बूट ऱ्हाऊ दे. आधी संयोगिताला हाक मार."

"ती न्हातीया."

"मग मी हितंच हुबा ऱ्हातो," तो म्हणाला, आणि खरोखरच पेटी खाली न ठेवता उभा राहिला. फौजेत जन्म काढलेला माणूस, त्याला उभं राहण्याचं काही वाटत नाही.

संयोगिता म्हणजे त्याची एकुलती एक लेक. दोघांचं दोन वर्षं नीट बोलणं नव्हतं. तिनं सांगलीला इंजिनिअरिंग केलं आणि नोकरी न धरता तिथंच एका खोलीत मुलांना गिटार शिकवायला लागली. सुट्यांच्या दिवसांत मैत्रिणींबरोबर महाबळेश्वरच्या हॉटेलांत वाजवायला जायची. "लोकं स्ट्रॉबेरी-क्रीम खात्यात आन् माझी लेक त्यांच्यापुढं वाजवतीया," एवढं एकच वाक्य तो त्यावर बोलला होता, पण ते तिच्या कानापर्यंत गेलं. तेव्हापासून ती फक्त सणाला यायची, आणि बापलेकीचे निरोप राजेश्वरीच्या तोंडून इकडून तिकडं जायचे. "पप्पांना सांग, मी जेवलेय." "तिला म्हणावं, गाडीची येळ झाली." एकाच खोलीत बसून हे चालायचं.

यंदा गणपतीत मात्र तो कुणाला न सांगता सांगलीला गेला आणि तिच्या कार्यक्रमाला सगळ्यांत मागं, चपलांच्या ढिगाशेजारी उभा राहून आला. मला एवढंच म्हणाला, "लय गर्दी हुती, आई." मग एके दिवशी मी त्याला तिच्या कपाटाचं दार उघडून उभा पाहिलं. दाराच्या आतल्या बाजूला, शाळेत असल्यापासून चिकटवलेलं, एका निळ्या गिटारीचं चित्र होतं. तो मोबाइलनं त्याचा फोटो काढत होता. मला बघून शेवग्याच्या शेंगा चोरताना सापडलेल्या पोरासारखा हसला.

संयोगिता ओल्या केसांनी बाहेर आली आणि पेटीचा आकार बघूनच जागच्या जागी थांबली.

"बघ," धैर्यशील म्हणाला. निरोप नव्हे, थेट तिला म्हणाला. "हीच हाय का?"

तिनं खटके काढून झाकण उचललं. दिवाळीच्या सुमारास कृष्णा निवळते आणि डोहातले खालचे दगड दिसायला लागतात, तसा गिटारीचा रंग होता. निळा म्हणावा तर मध्येच हिरवा. आणि त्या रंगाच्या खाली लाकडाच्या रेषा अशा लाटालाटांनी गेलेल्या, की मान जरा हलवली तर लाटाही हलायच्या. आम्ही चौघंही डोहात वाकून बघावं तसे वाकलो होतो.

"हीच आहे, पप्पा," ती म्हणाली.

"मग वाजीव की," तो म्हणाला, आणि बूट काढायला बाहेर गेला. बूट काढायला त्याला बराच वेळ लागला.

माझं माहेर मिरजेचं. वडील रेल्वेत गार्ड होते. आमच्या घरापासून थोड्या अंतरावर तंबोरे आणि सतारी करणाऱ्यांची गल्ली होती, आणि तिथल्या एका चाचांच्या दुकानाच्या पायरीवर माझं अर्धं लहानपण गेलं. आत भिंतीला तंबोरे ओळीनं टांगलेले असायचे, काही तारा चढवलेले, काही नुसते भोपळे. पलीकडून मालगाडी गेली की ते तंबोरे आपोआप बोलायला लागायचे. कुणी हात लावलेला नसायचा. जमीन हलायची, भिंत हलायची, आणि सगळ्या भिंतीतून एक बारीक गुणगुण यायची, गाडी गेल्यावरही जरा वेळ रेंगाळायची. मी डोळे मिटून ऐकायची. चाचा म्हणायचे, "बेटी, हे माझ्याशी बोलत्यात. तू मधनं ऐकू नकोस."

लग्न होऊन मी इकडं साताऱ्याकडं आले, उसाच्या आणि लष्करातल्या माणसांच्या घरात. इथं वाद्य म्हणजे लग्नातली हलगी. धैर्यशील लहान असताना संध्याकाळी त्याला भरवताना मी मिरजेच्या गोष्टी सांगायची. बाकीची मुलं "पुढं काय, पुढं काय" करतात. हा गप्प ऐकायचा आणि ऐकलेलं सगळं खरं धरायचा. फौजेच्या भरतीला निघाला तेव्हा मी त्याच्या कानामागं काजळाची तीट लावली होती, एवढ्या उंच देखण्या पोराला कुणाची नजर लागू नये म्हणून. तपासणीत डॉक्टरनं विचारलं, हा डाग कसला? त्यानं सांगितलं, "आईनं लावलाय, साहेब." डॉक्टर हसला म्हणे, पण त्यानं तो पुसायला सांगितला नाही. हा भरती झाला. तेव्हापासून त्या तिटेवर त्याचा विश्वास माझ्यापेक्षा जास्त.

दुसऱ्या दिवशी सकाळी संयोगिता माझ्या खाटेवर येऊन बसली. माझे कान आता मंद झालेत. विजेची ती गिटार वायर न जोडता वाजवली तर आधीच डासाएवढी बोलते, मला काहीच ऐकू येईना.

"आज्जी, हनुवटी टेक इथं," तिनं गिटारीच्या वरच्या शिंगासारख्या टोकावर बोट ठेवलं. "हाडातून ऐकू येईल."

मी हनुवटी टेकवली. आणि खरंच, जबड्यातून, दातांतून आवाज वर चढला. कानाला न विचारताच तो थेट डोक्यात जाऊन पसरला. मी डोळे मिटले तर समोर भिंतीवर ओळीनं भोपळे. किती वेळ तशी बसले होते कोण जाणे. डोळे उघडले तेव्हा चष्मा गिटारीच्या पाठीला जवळजवळ टेकला होता, आणि तिथं कडेपाशी एक मुंगी बसली होती.

"मुंगी आलीय गं," म्हणत मी पदरानं झटकली. मुंगी हलली नाही.

संयोगितानं गिटार उलटी केली. नखानं चाचपून पाहिलं. वर काचेसारखं गुळगुळीत, आणि ठिपका त्या काचेच्या आत. तिळाएवढा. एका बाजूला जरासा ओघळलेला.

तिचा चेहरा मी बघत होते. उजेडातून सावलीत गेल्यासारखा झाला.

"आपल्या हातनं नाही ना झालं?" मी विचारलं.

"नाही. फॅक्टरीतच राहिलंय. लॅकर मारायच्या आधी कसलातरी काळा थेंब पडला असेल आणि कुणी बघितलंच नाही. वरून तसंच मारून टाकलं."

"आवाजात काही फरक?"

"आवाजात काय फरक पडणार? पण आज्जी..." ती अंगठा पुन्हा पुन्हा त्या ठिपक्यावरून फिरवत होती. "आठवीत होते तेव्हापासून मी हिच्याकडं बघतेय. हिची कड न् कड मला पाठ आहे. त्यात हा नव्हता. आता रोज हिला हातात घेईन, तर आधी हाच आठवेल."

"मागं तर आहे. दिसणार कुणाला?"

"मला माहीत असेल ना."

ते खरं होतं.

गिटार पुण्याच्या ज्या दुकानातून आली होती, त्या दुकानाला तिनं फोटो काढून पाठवला. दुकानातला मुलगा सभ्य होता. त्यानं लगेच फोन केला. चूक कंपनीची आहे, म्हणाला, दुकानात त्याच रंगाची दुसरी आहे, अगदी स्वच्छ, उद्या दुपारी माणूस येऊन ही घेऊन जाईल आणि ती देऊन जाईल. फक्त तोपर्यंत हिच्यावर काही लागू देऊ नका. डाग, ओरखडा, काहीच नको.

"झालं की मग," मी म्हटलं.

"पप्पांना काय सांगू?"

तिथं गाडं अडलं होतं. दोन वर्षांनी बाप लेकीशी बोलला होता, आणि त्या बोलण्याच्या बदल्यात तिनं काय म्हणायचं, की तुम्ही आणलेल्या वस्तूत खोट आहे?

"आज्जी, तू सांगशील?"

"मी नाही सांगणार. मी सांगितलं तर तुमचं परत निरोपानिरोपी चालू होईल. राजेश्वरी दमली होती त्यानं, मी तर म्हातारी."

ती हसली, पण उसनं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. आमच्याकडं त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं पूजेला बसतात. ज्यानं पोट भरतं ते सगळं हत्यारच. विळे, कोयते, पहार, ट्रॅक्टरचे पाने, राजेश्वरीची शिवणाची कात्री. मध्यभागी मामंजींनी लढाईवरून आणलेली संगीन. एकदा पाटावर बसली की दसऱ्याचं सोनं लुटेपर्यंत ती हलवायची नाहीत, वापरायची नाहीत. ती विसावा घेतात.

आदल्या दिवशी ऊन उतरल्यावर धैर्यशील पडवीत बसून एकेक हत्यार चिंचेनं आणि राखेनं घासत होता. संयोगिता तेलाचा बोळा घेऊन शेजारी बसली होती. एका कोयत्याची मूठ त्यानं हलवून पाहिली, बारीक चीर होती. त्यानं तो बाजूला सारला.

"तो का नको?" तिनं विचारलं.

"खंडित हाय. मोडकं पूजेला चालत न्हाई." मग घासता घासता, वर न बघता म्हणाला, "उद्या तुजी गिटारबी बसवायची. संगिनीच्या शेजारी."

तिच्या हातातला बोळा थांबला.

"तिथं तर तुमचं हत्यार बसतं..."

"माजं आता काय ऱ्हायलंय? मी पेन्शनीत. तुज्या हातात हत्यार हाय, तुजं बसणार." मग म्हणाला, "सांगलीला मी ऐकलंय. मागं हुबा हुतो. लय गर्दी हुती."

ती एकाच विळ्याला तेल लावत राहिली.

सकाळी पाट मांडला, त्यावर खणाचं कापड. झेंडूच्या माळा राजेश्वरीनं पहाटेच ओवल्या होत्या. हत्यारं ओळीनं बसली आणि संगिनीशेजारी एक रिकामी जागा राहिली. संयोगिता गिटार छातीशी धरून दारात उभी होती, जशी काय कुणी ती हिसकावून घेणार होतं. तिनं ठरवलं होतं, मला तिच्या खांद्यांच्या ताठरपणावरून कळत होतं. ती आता सांगणार होती. दुपारी माणूस यायचा होता, आणि एकदा गिटार पाटावर बसली, हळदकुंकू लागलं, की ती परत जाणार नव्हती.

राजेश्वरी करंडा घेऊन पुढं झाली. "आण गं तिला हिकडं. कुंकू लावून घेते आधी."

"आई, थांब," संयोगिता म्हणाली. "कुंकू नको लावू."

"आँ? कुंकू न्हाई तर पूजा कसली?"

"पप्पा, मला तुमच्याशी..."

"बरोबर बोलतीया ती," धैर्यशील मध्येच म्हणाला. तो खूश दिसत होता. "हिला कुंकवाची गरजच न्हाई, राजेश्वरी. हिला बनवणाऱ्यानंच तीट लावून धाडलीया."

त्यानं हात पुढं केले. संयोगितानं गिटार दिली. त्यानं ती उलटी केली आणि कडेपाशी बोट ठेवलं.

"ह्ये बघ. दुकानात दोन हुत्या. एकाच रंगाच्या. दुकानातलं पोरगं म्हणालं, साहेब, कुठलीबी घ्या, सारख्याच हायत. मी म्हणलं, थांब गड्या, माल बघितल्याबिगर घेत न्हाई. रायफल बघावी तशा दोन्ही उलट्यापालट्या करून बघितल्या. एक कोरी. आन् हिला मागं ही तीट. वरनं पॉलिश, आत तीट. म्हंजे पुसायची न्हाई कवा. म्या म्हणलं, हीच बांध."

"तुम्ही मुद्दाम ही घेतली?" संयोगितानं विचारलं.

"मग? कारखान्यात हजार गिटारी हुत असतील रोज. सगळ्यांना कोण तीट लावंल? जिच्यावर कारागिराचा जीव जडला तिलाच लावणार. आई, तूच सांगायचीस न्हवं? मिरजंचा चाचा तंबोरा लय देखणा झाला की भोपळ्याच्या मागं काळा ठिपका द्यायचा. वाजवणाऱ्यालाबी दिसू ने अशा जागी." तो माझ्याकडं वळला. "सांगायचीस का न्हाई?"

सगळे माझ्याकडं बघत होते.

मी सांगायची का? आमटीभाताचा घास, चिमणीचा उजेड, माझ्या गुडघ्याला टेकून बसलेलं हे पोर, हे सगळं मला दिसलं. चाचांचं दुकानही दिसलं. चाचा पाठमोरे बसलेत, रंगाची वाटी पायाशी, हातात भोपळा फिरतोय. पण त्यांच्या हातात काळा रंग आहे की नाही, ते भोपळा उलटा करतात की नाही, हे काही केल्या दिसेना. ते खरंच तसं करायचे, की पोरानं एक घास जास्त खावा म्हणून मीच ते जोडलं होतं, मला आजही सांगता येत नाही. इतक्या वर्षांत मी ती गोष्ट विसरून गेले होते. त्यानं मात्र ती जपून, फौजेच्या सगळ्या छावण्यांतून फिरवून, पुण्याच्या त्या दुकानात नेली होती.

"सांगायची," मी म्हटलं.

संयोगितानं माझ्याकडं पाहिलं. खरं काय ते आम्हा दोघींनाच ठाऊक होतं. तिनं नुसतं तोंड उघडलं असतं तरी पुरे होतं. दुपारी कोरी गिटार दारात आली असती, तिच्या कपाटातल्या चित्रासारखी, कुठं काही नसलेली.

धैर्यशील अजून गिटार उलटी धरून उभा होता. त्याचा जाडा अंगठा ठिपक्याच्या शेजारी होता, ठिपका झाकला जाऊ नये अशा बेतानं.

तिनं राजेश्वरीच्या हातातून करंडा घेतला. "पुढं नको, आई. मागं लावूया. तिटेशेजारी."

"मागं कुणी कुंकू लावतंय व्हय?" राजेश्वरी म्हणाली. "लोकं हसतील."

"लोकांना कुठं दिसणारे? मी लावते."

तिनं करंगळी कुंकवात बुडवली आणि त्या काळ्या ठिपक्याला लागून लाल ठिपका ठेवला. मग वर हळदीचा. हळद जरा पातळ होती, ओघळली. ठिपकाही तसाच एका बाजूला ओघळलेला होता, त्याला ती जुळून गेली.

"पप्पा, बसवा," ती म्हणाली. "सावकाश. मानेखाली हात द्या."

"मला शिकवतीस व्हय गं?" तो म्हणाला, पण तिनं सांगितलं तसाच हात दिला. गिटार संगिनीशेजारी बसली. राजेश्वरीनं तिच्या खुंट्यांना झेंडूची माळ घातली आणि दोन पावलं मागं येऊन मला म्हणाली, "नवरीवानी दिसती की, आत्याबाई."

पूजा आटोपताच संयोगिता अंगणात जाऊन फोनवर बोलत होती. माझ्या कानांना तिचे शब्द आले नाहीत. पण ती शेवटी हसून मान हलवत होती, आणि पुढं तिनंच सांगितलं, दुकानातला मुलगा पुन्हा पुन्हा विचारत होता, मॅडम, नक्की ना? नंतर तक्रार चालणार नाही.

"काय म्हणालीस?"

"म्हटलं, पूजेला बसली आहे. आता उठवता येत नाही."

दुपारी घर झोपलं. मी खाटेवर पडले होते, झोपही नव्हती आणि जागही नव्हती. उदबत्तीचा धूर पाटावर वळत होता आणि त्या निळ्या लाकडातल्या लाटा धुरातून हलल्यासारख्या वाटत होत्या. मी त्या माणसाचा विचार करत होते. कुठल्यातरी लांबच्या देशात, मोठ्या उजेडाच्या कारखान्यात, कुणाच्यातरी हातातून एक काळा थेंब पडला असेल. त्याला तो दिसलाही नसेल. की दिसला असेल, आणि त्यानं तो राहू दिला असेल? त्यालाही कुणीतरी लहानपणी काही सांगितलं असेल का? त्याचा चेहरा आणायला गेले तर चाचांची पाठ दिसायची.

आमच्या उसाच्या पलीकडून मिरजेची गाडी जाते. ती येताना आता मला ऐकू येत नाही, पण खाटेच्या माचव्यातून कळते. ती आली. मी उठून पाटापाशी गेले आणि खाली बसले. बसवलेल्या हत्यारांना हात लावायचा नसतो, म्हणून मी तळवा नुसता पाटाच्या कडेवर ठेवला.

जमीन हलली, पाट हलला. आधी पहारीतून काहीतरी बारीक आलं, मग विळ्यांतून. मग कुणी हात लावलेला नसताना गिटारीच्या तारा बोलायला लागल्या, आणि तो आवाज माझ्या तळव्यातून मनगटात, मनगटातून कोपरात चढत गेला. खुंट्यांवरच्या झेंडूच्या पाकळ्या थरथरत होत्या.

मागं दारात कुणीतरी येऊन उभं राहिलं होतं. मला वाटलं संयोगिता असेल. धैर्यशील होता, अर्धवट झोपेतला, विस्कटलेल्या केसांचा.

"काय ऐकतीस, आई?" त्यानं विचारलं.

मी सरकून त्याला जागा केली. तो मांडी घालून बसला आणि माझ्या हाताशेजारी आपला हात पाटावर ठेवला. गाडी केव्हाच पुढं गेली होती, पण तारा अजून थांबल्या नव्हत्या.